कागदाचो मांगर

आये,

तुझा कागदाचो मांगर, रोपं वाढवायची ती प्लास्टिकची शेड, मी परत उभा केला. निवृत्त होऊन कणकवलीची खोली सोडली आणि घरी आले, तेव्हा तुझ्या माघारी परसात तुझ्या बांबूंचे नुसते बुडखे उरले होते. तू खताच्या गोणींच्या आतलं प्लास्टिक दाभणाने शिवून छप्पर केलं होतंस. मी पाइप आणले, जाड पांढरा प्लास्टिकचा कागद आणला, दोन्ही बाजूंना दोरीने वर गुंडाळायचे पडदे केले. बाकी सगळं तुझंच. आत ना चूल, ना दिवा. दिवसाचं ऊन आत घ्यायचं आणि सांज होण्याआधी पडदे पाडून ते रात्रीसाठी कोंडून ठेवायचं. थंडीतही मिरची आणि वांगी तुझ्याकडे इतरांच्या आधी उगवायची ती एवढ्यावरच. वाडीतल्या लोकांना ते अजून आठवतं. भातं कापून झाली तसे एकेक जण येऊन सांगून गेले, ‘बाय, औंदा रोपां तुझ्याकडसून.’ मला फार बरं वाटलं. ते तुझ्या नावावर येत होते हे मला कळत होतं, तरी बरं वाटलं.

पलीकडच्या क्रिस्तांव घरातली, माझ्याबरोबर शाळेत होती ती, तुला आठवते ना? पुढे तुझ्या मैत्रिणीची सून होऊन त्याच घरात आली. तीच मला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भिजवायला, ट्रे भरायला मदत करायची. एकदा मी दुपारची झोपले असताना तिने येऊन एक पडदा खाली केला, वारा फार होता म्हणून. मी उठून तिच्यावर ओरडले. म्हटलं, माझ्या मांगराला मला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. ऑफिसात शिपायाशी बोलायचे तसं बोलले. ती ‘बरा’ म्हणाली आणि ट्रे भरत राहिली.

तुळशीचं लग्न झालं आणि माणसांची लग्नं सुरू झाली. आमच्या ऑफिसातल्या एकीच्या मुलीचं लग्न शिरोड्याला होतं. सकाळी निघताना अंगावर शाल घ्यावी लागेल इतका गारठा होता, म्हणून पडदे तसेच खाली ठेवले. ऊन आल्यावर वर करायचे हे मला माहीत होतं. पण नवी साडी, गाडी दाराशी उभी, आणि मी चढून बसले. ऊन उतरल्यावर परत आले. पडदा उचलला तर भाताच्या टोपावरचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर आली. आतली सगळी रोपं आडवी, शिजवलेल्या भाजीसारखी. बोटाने एक उभं करून बघितलं. ते बोटालाच चिकटलं.

दुसऱ्या दिवशी माणसं रोपं न्यायला आली. त्यांनी शेतं नांगरून, सऱ्या ओढून ठेवल्या होत्या. मी दारातल्या खळ्यात उभी राहिले आणि म्हणाले, ‘रोग इलो. एका दिवसात सगळी बसली.’ कुणाला शंका आली नाही. उलट माझीच समजूत घालत राहिले. पलीकडची मधल्या दगडी गडग्याजवळ उभी होती. तिने माझ्याकडे फक्त बघितलं.

आये, ते शब्द माझ्या तोंडात कुठून आले ते मला त्याच क्षणी आठवलं. मी दहावीत होते. त्या वर्षी तू वाफ्यात शेण घातलंस ते नीट कुजलेलं नव्हतं आणि सगळी मिरची मुळातून जळली. लोक आले तेव्हा तू याच खळ्यात उभी राहून सांगितलंस, ‘शेण कच्चा होता. माझी चूक. तुमची रोपां माझ्याच हातान मेली.’ एक जण खूप बोलला तुला. बायकांच्या भरवशावर राहिलो हे आमचंच चुकलं, असंही म्हणाला. तू त्याला गूळ-पाणी दिलंस. मी स्वयंपाकघरात दाराआड उभी आहे, कान तापलेत, तू आत येतेस आणि मी म्हणते, ‘रोग पडलो म्हणान सांगाक काय झाला होता? कोणाक कळला असता?’ तू चुलीवरचा भात बघतेस, लाकूड मागे ओढतेस. ‘तुका लाज वाटली मां माझी? वाटू दे. तू भितर रव.’ एवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस.

लोक गेल्यावर पलीकडची आत आली. मी चहा ठेवला. ती म्हणाली, ‘दुपारी मी इलेलंय. कागदाक भितरसून पाणी सुटलेला. दोरयेक हातसुद्धा घातलंय. मगे तुझा बोलणा आठावला. तुका फोन केलंय. वाजान वाजान बंद झालो.’

‘मगे त्येंच्यासमोर गप कित्याक रवलंस?’

‘तुझ्या आवशीचा खळा ता. थंय मी तुका खोटी पाडू?’

तिने चहा घेतला, कपबशी विसळून ठेवली आणि गेली.

इथवरच असतं तर मी गप्पच राहिले असते, खरं सांगते. पण पुढे आणखी झालं. खालच्या वाडीतली म्हातारी, एकटी असते ती, पहिल्या ट्रेतली वांग्याची रोपं आधीच घेऊन गेली होती. लावून, शेणपाणी घालून चांगली जगवली होती. एका सकाळी मी तिच्या बांधावरून जात होते तर धूर दिसला. वांग्याचा वाफा रिकामा आणि कडेला पाला पेटलेला. पाठीवर हात ठेवून ती उभी होती. ‘उपटलंय सगळी,’ ती म्हणाली. ‘तुझ्याकडे रोग इलो म्हणतत. हयसून दुसऱ्याच्या शेतात गेलो तर माका नाव नको.’

मी म्हणाले, रोग नव्हता, माझं दुर्लक्ष झालं. तिला दुर्लक्ष समजलं नाही. मग मी सांगितलं, ‘लग्नाक गेलंय. कागद उघडूक इसारलंय. उन्हान शिजली. रोग नाय होतो, मी खोटा बोललंय.’ तर ती हसली. म्हणाली, ‘माका बरा वाटूचा म्हणान आपल्यावर घेतंस. तुझ्या आवशीचा चेडू तू.’ तुझी लेक खोटं बोलेल हे तिच्या मनातच येईना. मला ते पुन्हा सांगावं लागलं. या वेळी तिचं हसू हळूहळू गेलं. तिने आगीकडे बघितलं.

‘मगे माझी बरी होती?’

‘होय.’

ती खाली वाकली. काठीने एक अर्धं जळलेलं रोप बाहेर ओढलं, मूळ चिमटीत धरून बघितलं आणि परत आत टाकलं. तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी उभी राहू शकले असते. मी तशीच निघाले, घरोघर जाऊन सगळ्यांना खरं सांगितलं. एकाने विचारलं, आधीच का नाही सांगितलंस, बाजारातून आणली असती. मी पुढच्या घराची वाट धरली. परत बी टाकलं. उशिरा का होईना, रोपं झाली. पलीकडची आता विचारल्याशिवाय पडदे वर-खाली करते. म्हातारीही येऊन वांगी घेऊन गेली, पण माझ्यासमोर एकेक रोप उलटं करून मूळ बघून घेतलं. तुझ्याकडून नेताना ती कधी असं करत नव्हती.

एक मात्र मी कुणाला सांगितलं नाही. पलीकडचीला वाटतं, लग्नाच्या गडबडीत मला फोन ऐकू आला नाही. मला ऐकू आला होता. पंगतीत माझ्या शेजारी ऑफिसातल्या बायका होत्या, आमचे जुने साहेब समोर. उचलला असता तर त्या सगळ्यांत गावच्या बोलीत ‘काय गो, काय झाला?’ म्हणावं लागलं असतं. मी बटण दाबून आवाज बंद केला आणि जिलबीचं पान पुढे ओढलं.

तिला हे सांगायचं म्हणून लिहायला बसले आणि लिहिलं तुला. तेही बघ, सगळं ऑफिसातल्या भाषेत. तुझ्याशी मी जन्मात कधी अशी बोलले नव्हते.