विल्सडेन ग्रीनच्या पुढची गाडी

॥ श्री ॥
स्टॅनमोर, लंडन
१२ एप्रिल २००४

चि. शालनला अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या नावाआधी आता गं. भा. लिहायचं असतं म्हणे. श्रीकांतराव गेल्याला वर्ष झालं, मी अजून लिहिलं नाही आणि लिहिणारही नाही. तू जन्मलीस तेव्हा नुसती शालन होतीस, माझ्या कडेवर होतीस. कुणाला खटकलं तर त्याने दुसऱ्यांची पत्रं वाचू नयेत.

अतुलने तुला युरोपच्या टूरमध्ये घातलं असं माझ्या पद्माकरकडून कळलं. पोरगा शहाणा निघाला, बापावर गेला नाही. पण टूरबरोबर पुण्याचा आचारी येतो आणि रोज वरणभात नि बटाट्याची भाजी करतो हे ऐकून मी कपाळावर हात मारला. सातासमुद्रापलीकडे येऊन वरणभातच गिळायचा तर सांगलीत कुकर नाही का?

लंडनला किती दिवस आहेस ते कळव. लंडन तुला मी दाखवणार. मेणाचे पुतळे बघायला रांग लावू नकोस, न बोलणारी माणसं आपल्या घरात थोडी नाहीत.

पद्माकर आणि सूनबाई मंजिरी ठीक आहेत. दोघं सकाळी जातात, अंधार पडला की येतात. मी नऊ वर्षं त्यांच्याकडे आहे आणि रविवारी त्यांची ओळख होते.

चकलीची भाजणी आण. लोभ तुझा आहेच, तो सामानात वेगळा बांधू नकोस, वजन वाढतं.

तुझी अक्का


॥ श्री ॥
सांगली
२७ एप्रिल २००४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अतुलनेच मोठ्याने वाचून दाखवलं. बापावर गेला नाही हे वाचताना जरा अडखळला, मग स्वतःच हसला. त्याने माझ्या गळ्यात अडकवायला एक कार्ड करून घेतलंय. त्यावर माझं नाव, त्याचा फोन, हॉटेलचा पत्ता. वर प्लास्टिक. मी म्हटलं, अरे, मी काय पार्सल आहे? तर म्हणाला, आई, तू कधी मिरजेलासुद्धा एकटी गेली नाहीस. खोटं नाही ते. हे होते तोवर हे पुढे आणि मी मागे. आता पुढे कोणी नाही तर पाय उचलत नाही.

टूरवाले लंडनला दीड दिवस फिरवणार आहेत. मोठ्या पाळण्यात बसवणार, पुतळे दाखवणार, राणीचा वाडा बाहेरून, घड्याळ बसमधून. नंतरचा मंगळवार मोकळा आहे, म्हणजे १५ जून. बाकीच्या बायका खरेदीला जातील. आमचं हॉटेल वॉटफर्डला, ते तुमच्या जवळ आहे म्हणे. मी त्या दिवशी तुझ्याकडे येईन आणि रात्री राहीन. मॅनेजरने हो म्हटलंय.

पण परवा पद्माकरचा फोन आला होता. तो म्हणाला, मावशी, घरातच बसा, गप्पा मारा, आईला बाहेर काढू नकोस, ती फेब्रुवारीत हरवली होती. अक्का, तू हरवलीस? खरसुंडीच्या जत्रेत बाबांची नजर चुकवून मला नेऊन आणलीस, ती तू? मला खरं काय ते कळव. मला पाळणा नको आणि वाडा नको. तुझ्यासमोर बसले की माझं लंडन झालं.

भाजणी दळून ठेवली आहे. जीव लागून राहिलाय, लवकर लिही.

तुझी धाकटी
शालन


॥ श्री ॥
स्टॅनमोर
९ मे २००४

चि. शालनला अनेक आशीर्वाद, वि. वि.

समोर बसायचं असेल तर माझा फोटो आहे तुझ्याकडे. त्याच्यासमोर बस.

मी हरवले नव्हते, आधी उतरले. स्टॅनमोर हे आमच्या लाइनीचं शेवटचं स्टेशन. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण शेवटचं स्टेशन वाचावं कुठे लागतं? सगळे उतरले की आपणही उतरायचं, आपल्या एस.टी.सारखं. त्या दिवशी गाडी मध्येच विल्सडेन ग्रीनला संपवली. सगळे उतरले, मी उतरले आणि घराच्या वाटेला लागले. इथली घरं सगळी एका साच्यातली. चालतेय चालतेय, आपली गल्ली काही येईना. हसू नकोस. शेवटी एका गुजराती दुकानात शिरले. तिथल्या बाईने स्टुलावर बसवलं, चहा दिला, सुनेची गाऱ्हाणी सांगितली. माझ्या सुनेबद्दल सांगण्यासारखं नव्हतं म्हणून मी मुलाची सांगितली. त्यात वेळ गेला. इकडे पद्माकरने पोलिसांना फोन केला होता. मी पोलिसांच्या गाडीतून घरी आले तेव्हा अख्ख्या गल्लीचे पडदे हलले.

दुसऱ्या दिवशी त्याने माझा पास कपाटात कुलूप लावून ठेवला. म्हाताऱ्यांना इथे कौन्सिल पास देते, त्यावर आपला फोटो असतो. बस, ट्रेन, सगळं फुकट. नऊ वाजून गेले की मी मोकळी. या गावात आले तेव्हा मी पद्माकरची आई होते, पास मिळाला त्या दिवसापासून लंडनची झाले. आता पुन्हा त्याच्या घरातलं सामान झालेय. सोफा, टीव्ही आणि आई. तसं मरायचं नाही मला. ओरडून झालं, उपाशी राहून झालं. तो म्हणतो, आई, तुझ्या काळजीनेच. कोंबडी झाकणारा पण काळजीनेच डालग्यात घालतो.

आता मंगळवारचं ऐक. मंजिरी तुला हॉटेलवरून घरी आणेल आणि कामावर जाईल. तिची गाडी वळली की आपण निघायचं. बसमध्ये वरच्या मजल्यावर, अगदी पुढची जागा. तिथे बसलं की ड्रायव्हर नाही, काही नाही, आपणच गाडी हाकतो असं वाटतं. मग मोठ्या म्युझियममध्ये जायचं, तिथे आपले देव ठेवलेत. जेवायला चर्चच्या तळघरातलं हॉटेल, सूप चांगलं देतात. आणि स्कोन नावाचा एक पाव असतो, त्यावर साय आणि जॅम. हळू खायचा, नाहीतर घशात बसतो. मग वॉटर्लूच्या पुलावर उभं राहायचं. पाळण्यात बसून जे दिसतं ते पुलावर फुकट दिसतं. नदीकाठी बटाट्याच्या काड्या मिळतात, त्यावर व्हिनेगर शिंपडून घ्यायचं. आचाऱ्याला सांगू नकोस, मनाला लावून घेईल.

पासाची काळजी तू करायची नाही, ती मी केली आहे. बूट आण, चपला नकोत. आणि ते कार्ड पिशवीत ठेव, गळ्यात घातलंस तर तुझ्याबरोबर चालणार नाही.

भीती वाटली तरी ये. आशीर्वाद भित्र्यांनासुद्धा लागू पडतात.

तुझी अक्का


स्टॅनमोर
१४ जून २००४

ती. शालनमावशीस सा. न. वि. वि.

फोनवर आई शेजारीच असते म्हणून हे पत्र मंजिरीबरोबर हॉटेलवर पाठवतोय. उद्या मला ऑफिसातून निघता येणार नाही, सॉरी. लंच फ्रिजमध्ये आहे, मायक्रोवेव्ह आईला येतो.

एकच रिक्वेस्ट. ती बाहेर जाऊया म्हणाली तर प्लीज नाही म्हण. ती तुझं ऐकेल असं नाही, पण तुला एकटं सोडून जाणार नाही. तिला वाटतं मी जेलर आहे. मावशी, फेब्रुवारीत मी स्टॅनमोरपासून एकेका स्टेशनवर उतरून तिला शोधत होतो. पोलिसाने विचारलं, आईने कोणत्या रंगाची साडी नेसली होती. मला सांगता आलं नाही. रोज सकाळी मी तिच्यासमोर चहा पितो. त्या कॉन्स्टेबलने वहीत नुसतं 'साडी' लिहिलं.

त्यानंतर मी तिच्याशी आर्ग्यू करू शकलो नाही, म्हणून सरळ पास काढून घेतला. रात्री भेटूच. मावशी, माझ्यावर राग असेल तर भेटल्यावर काढ, पण उद्या घरी थांब.

तुझा
पद्माकर


॥ श्री ॥
सांगली
२५ जून २००४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. अतुल स्टेशनवर आला होता आणि त्याने पहिलं काय पाहिलं तर माझा गळा. कार्ड कुठे म्हणाला. मी म्हटलं, पिशवीत आहे, पिशवीला कुठे हरवायचं तर हरवू दे.

पद्माकरचं पत्र मी वाचलं होतं, तुला त्या दिवशी सांगितलं नाही. सकाळी तू दारात बूट घालून उभी होतीस आणि पत्र माझ्या पर्समध्ये. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं गं. पण तू म्हणालीस, चल, आज पुढे तू. आणि माझे पाय सुटलेच. कपाटाची किल्ली कुठून पैदा केलीस ते मात्र विचारायचं राहिलं. गेटवर पास असा टेचात दाखवलास की मला वाटलं, स्टेशन तुझंच आहे.

इथे सगळे विचारतात काय पाहिलं. मी पाळण्याचं सांगत नाही. म्युझियममधली ती देवी सांगते. हळद नाही, कुंकू नाही, दिवा नाही, उघड्या दगडाची उभी. माझे हात आपोआप बुटाच्या नाड्यांकडे गेले. मी बूट काढून उभी राहिले, तर तो काळ्या कोटातला राखणदार आला. तू त्याला तुझ्या इंग्रजीत म्हणालीस, शी गॉड, नो स्टोन. तो बिचारा मी हात जोडून होईपर्यंत बाजूला उभा राहिला, माझ्या बुटांजवळ. आणि तळघरातल्या हॉटेलात सूप संपल्यावर सांगितलंस की पायाखालच्या फरश्या म्हणजे थडगी आहेत! आधी सांगितलं असतंस तर मी जेवले नसते. म्हणूनच सांगितलं नसशील.

परत येताना विल्सडेन ग्रीनला गाडी रिकामी केली, तेव्हा मी सगळ्यांमागून जिन्याकडे निघाले. तू माझा दंड धरून प्लॅटफॉर्मवर उभी केलीस, म्हणालीस, जिना चढायचा नाही, आपली गाडी इथेच मागून येते. आणि समोर कोण, तर पाठमोरा, फोनवर ओरडणारा पद्माकर! त्याच गाडीतून उतरला होता आणि आपल्याला घरी फोन लावत होता. कोणी उचलत नाही म्हणून जीव कासावीस, आणि पलीकडे जी गाडी आली तीत चढायला निघाला. तू मागून त्याचा कोट ओढलास आणि म्हणालीस, बाळा, ती उलटी लंडनला चाललीय. त्याचा चेहरा! मग उरलेला स्कोन त्याच्या हातात दिलास आणि तो खाल्लादेखील त्याने, उभ्याउभ्या.

पुढच्या गाडीत तो खिडकीबाहेर बघत बसला, सकाळी मला हॉटेलवर सोडलं तेव्हा नुसती बॅग उचलून दिली. तुला काही बोलला का? त्याचं पत्र आता सोबत घालते. साडीचं वाचून रागावू नकोस त्याच्यावर. तुझं उत्तर येईपर्यंत घास गोड लागायचा नाही.

तुझी धाकटी
शालन

ता. क. काल मी मिरजेला एकटी जाऊन आले. काम काही नव्हतं.


॥ श्री ॥
स्टॅनमोर
६ जुलै २००४

चि. शालनला अनेक आशीर्वाद, वि. वि.

मिरजेला गेलीस, आता कोल्हापूर गाठ. काम काढून जायला आपण काय तलाठी आहोत?

पद्माकर आठवडाभर नुसता ऑफिसला जाऊन येत होता. मग एका सकाळी चहाच्या टेबलावर, साखरेच्या डब्याशेजारी, माझा पास. मी चहा प्यायले. बिस्किट खाल्लं. मग पर्समधून दुसरा पास काढून त्याने ठेवलेल्या पासाशेजारी ठेवला. त्याने दोन्ही उचलून फोटो ताडून पाहिले. किल्लीला मी हातसुद्धा लावला नव्हता, शालन. मी मार्चमध्येच चालत पोस्टात गेले होते. काउंटरवरच्या बाईला हिंदीत सरळ सांगितलं, पास हरवला नाही, मुलाने कुलपात घातलाय, माझ्या फोटोचा दुसरा द्या. ती म्हणाली, माझी सासूही अशीच आहे, आणि दिला. तेव्हापासून रोज जाऊन येते आणि त्याच्या आधी घरी असते. तुझ्यापासून लपवलं कारण तुझं पत्र अतुल वाचतो; मंगळवारचा बेत म्हातारीची बडबड म्हणून सुटला असता, पण दुसरा पास पुन्हा कुलपात गेला असता.

पद्माकरने विचारलं, मग हा जुना कशाला ठेवायचा? मी म्हटलं, तुझ्याकडे असू दे, त्यावर माझा फोटो आहे, पुन्हा उलट्या गाडीत चढायला निघालास तर लोक मला कळवतील. मंजिरी इतकी हसली की तिच्या नाकातून चहा आला. तोही हसला, पण उशिरा.

तू पाठवलेलं त्याचं पत्र मी दोनदा वाचलं. रागावले नाही. घडी घालून ठेवलं.

काल नऊ वाजता निघाले तर हा ऑफिसला न जाता दारात आडवा. वाटलं, आलं पुन्हा. मी पर्स घट्ट धरली. पण त्याने मला पदरापासून बुटापर्यंत पाहिलं, पाठ करतात तसं, आणि म्हणाला, हिरवी साडी. मग बाजूला झाला.

मी म्हटलं, पोपटी आहे. पोलिसांना सांगशील तेव्हा नीट सांग.

नऊ वाजून गेलेत, बस चुकेल. उरलेला लोभ पुढच्या स्टॉपवर.

तुझी अक्का