‘अवघड आहे’ या शब्दांचा अर्थ

मिस्त्री, हे पत्र आपणांस पोहोचणार नाही, हे मला ठाऊक आहे. आपणांस जाऊन तीस वर्षे झाली. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. तरी माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडणार नाही, आणि माझ्या कामात मापाची चूक नव्हती. यांतील दुसरी गोष्ट मी आपणांस त्याच वेळी सांगावयास हवी होती.

माझी नात जपानी भाषा शिकते. परवा ती स्वयंपाकघरात बसून मोठ्याने पाठ करीत असता एक शब्द माझ्या कानांनी ओळखला: ‘मुझुकाशी’. तो मी पूर्वी एकदाच ऐकला होता, कोल्हापूरच्या उद्यमनगरात, आपल्या कारखान्यात. जपानहून पंपांचा खरेदीदार आलेला आहे. आपण नकाशा पुढे सरकवून, असे शाफ्ट आम्ही देऊ, म्हणता. पाहुणा बराच वेळ पाहतो, मान कलती करतो, दातांतून हवा आत ओढतो आणि तो शब्द उच्चारतो. पुण्याहून आलेला दुभाषी सांगतो, “ते म्हणतात, जरा अवघड आहे.” आपण मला कोपराने ढोसलेत. “पावण्याला दुपारचा तांबडा रस्सा अजून झोंबतोय बघ.” मग मालकांकडे वळून मोठ्याने म्हणालात, “अवघड हाय म्हनला, हुत न्हाय म्हनला न्हाय. अवघड हाय तर करून दावू की!”

पुढे तीन आठवडे मी लेथवर तेच काम केले. चार शाफ्ट मीच बाद ठरविले, दोन राखले. त्यांतील एक नमुना म्हणून जपानला गेला. उत्तर आले नाही. आपण दोन महिने वाट पाहिलीत आणि एका सकाळी सगळ्या कामगारांदेखत उरलेला शाफ्ट माझ्या पायाशी टाकलात. “नमुना पसंत पडला न्हाई. तुझ्या हातानं माझी मान खाली गेली.” मी मायक्रोमीटर पुसून डबीत ठेवला, शाफ्ट उचलला आणि बाहेर पडलो. दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या कारखान्यात उभा राहिलो. तो शाफ्ट दर खंडेनवमीस पूजेत ठेवण्यापूर्वी मी मोजतो. माप कधीही चुकलेले नाही.

नातीस मी हे सर्व सांगितले. ती हसली नाही. म्हणाली, “आजोबा, दुभाष्यानं शब्द बरोबर सांगितला, अर्थ तेवढा राहिला. तिकडं माणूस असा श्वास ओढून ‘अवघड आहे’ म्हणाला, की ते ‘नाही’च असतं. तोंडावर नकार द्यायचा नसतो म्हणून तसं म्हणतात.”

“म्हणजे नमुना पाहण्यापूर्वीच नकार?”

“तुम्ही तो बनवायच्या आधीच.”

म्हणजे माझा शाफ्ट कोणी नापसंत केला नव्हता. कदाचित कोणी वेष्टनातून बाहेरही काढला नसेल. हे ऐकून आनंद व्हावा, अशी माझी अपेक्षा होती. चहा मात्र मी नेहमीप्रमाणेच संपविला. तेवढ्यात तिने विचारले, “आपल्या मराठीत आहे का हो असं काही?” मी म्हणालो, “छे. आपण कोल्हापूरची माणसं. काय असेल ते तोंडावर.”

मिस्त्री, आपण आजारी असता मी एकदाच शिवाजी पेठेतील आपल्या घरी आलो होतो. आपण उशीला टेकून बसला होतात. “झालं गेलं सोड. परत ये की लेथवर. तुझी जागा तशीच ठेवलीया.” मी टोपी हातात घेऊन उठलो आणि म्हणालो, “बघू की, मिस्त्री.” आपला चेहरा उजळला. तो मला दिसला होता, आणि तरी मी जिना उतरलो.

आपल्या दिवसकार्यास आलो तेव्हा काकी म्हणाल्या, “तुझ्या लेथला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हाई त्यांनी. बघू म्हनलाय, म्हंजे येतोय, म्हनायचे.”

मला ‘नाही’ म्हणावयाचे होते. नातीस मी खोटे सांगितले.