मंद दिव्यातले चार हात

१४ जानेवारी
रेवाकाकूंच्या कोंबड्यांच्या शेडला मी बनवलेला डिमर बसवला. चिप माझी, प्रोग्राम माझा! पहाटे दिवे हळूहळू उजळणार, संध्याकाळी मंद होणार, शिवाय तापमानही मोजणार. टेबलावर दोन दिवस चालवून पाहिला होता. राखणदार चुडामणनाना दिव्यांकडे बघतच राहिले.

१५ जानेवारी
आज पहिल्यांदा दिवे मंद केले. पक्षी बिथरले, एका कोपऱ्यात एकमेकांवर चढले. खालचे गुदमरून मेले — दोनशे दहा.
नाना म्हणाले, "ललितभाऊ, दिवा कमी व्हस तव्हय हात हलाडी देख. एकना चार हात दिखतस. एक चकचकस, एक फिका."
मी हसलो. म्हटलं, "नाना, आज किती घेतली?" काकू शेजारीच होत्या. त्या हसल्या नाहीत.

१६ जानेवारी
परत तेच. एकशे चाळीस.

१७ जानेवारी
काकूंनी नानांना काढलं. अकरा वर्षं होते. शेडमागची खोलीही सोडायला लावली. मी विचारलं, तर म्हणाल्या, "दारू पीसन पाखरे भडकाडस तो. तूच तं बोलना."
गंमत केली होती, एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.

१८ जानेवारी
'एक चकचकस, एक फिका' — डोक्यातून जाईना. संध्याकाळी एकटाच शेडमध्ये गेलो, दिवे मंद केले, हात हलवला.
चार हात. एक उजळ, एक फिका.
पक्षी उठायला लागले. पटकन दिवे पूर्ण लावले.

१९ जानेवारी
डिमर घरी आणून ऑसिलोस्कोपला, म्हणजे सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला, लावला. मंद करायचा म्हणजे दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायचा; प्रत्येक 'चालू' म्हणजे एक पल्स. चिप तापमान वाचायला वळली की दिवा बंद करायला उशीर होतो. कधी पाच मायक्रोसेकंद, कधी वीस. दिवा पूर्ण असतो तेव्हा पल्स एवढा रुंद की वीसचा फरक कुणाला कळत नाही. पण मंद दिव्यात पल्सच पन्नासचा! म्हणून एक हात उजळ, एक फिका. हात हलवल्याशिवाय आपल्याला उजेड सलग वाटतो. कोंबडीची नजर आपल्याहून तेज, तिला थरथर दिसत असणार. मी मात्र टेबलावर दोन्ही दिवस पाहिलं ते भर दुपारी, पूर्ण उजेडावर. गाढव आहे मी.
पल्सचं काम चिपमधल्या हार्डवेअर टायमरवर, म्हणजे स्वतंत्र घड्याळावर, सोपवलं, पल्सचा वेगही वाढवला. थरथर गेली. सगळं मिळून चार ओळींचं काम.

२१ जानेवारी
डिमर परत बसवला. दिवे मंद झाले. पक्षी शांत. काकू म्हणाल्या, "देख, तो गया नि पाखरे शांत व्हयनात."
बोलायची हीच वेळ होती. मी "हो" म्हणालो आणि चहा घेतला. लाज वाटते.

२४ जानेवारी
काकूंना सगळं सांगितलं. दिवा, माझी चूक, तो विनोद. त्या एवढंच म्हणाल्या — "बलाव त्याले."

२५ जानेवारी
नानांच्या गावी, धानोऱ्याला गेलो. नाना भर दुपारी ओट्यावर पडलेले, दारूचा वास. त्यांची बायको दगूबाई म्हणाली, "सारा गाव पेताड म्हनी ऱ्हायना, मंग पेवाले लागना. येना पहिले जलममा दारूले हात लायेल नव्हता."