बदकांसाठी बांधलेले लपण

पूर्णगड, रविवार, पौष १९३२

उद्या साहेब बदकांच्या शिकारीला येणार. बाबा त्यांचे वाटाडे; शिकार हुकली तर काम जाईल. आणि खाडीकाठी दडून बसायच्या लपणाला बाबांनी आंब्याचे टहाळे बांधलेले! "मोठा माणूस येतोय गो, आंबा शुभ."

मी म्हटले, "बाबा, हे लपण आहे, मांडव नव्हे. चिखलात आंबा उगवतो का? बदके बिचकतील."

"बी.ए. झालीस ती बदकांची वकील व्हायला काय?"

पण टहाळे काढू दिले. तिथलीच लव्हाळी कापून बांधली, हिरवी-वाळकी मिसळून. संध्याकाळी दोघे आत बसलो. बदके दहा हातांवर उतरली. दहा हात! बाबा कुजबुजले, "साहेबाला सांगेन, हे माझ्या लेकीने बांधलंय."

तीच बदके उद्या मरतील, हे घरी आल्यावर लक्षात आले. वाईट वाटायला हवे ना? वाटतेही थोडे. अभिमान मात्र तसूभर कमी होत नाही.