तुमचं टोमॅटोचं बी

आत्याबाई, तुम्ही गेल्यावर तुमच्या टोमॅटोच्या बियाण्यावर मी घरच्या घरी धंदा सुरू केला. धंदा म्हणजे काय, परसात रोपांचे ट्रे, वर हिरवी जाळी आणि हातात मोबाईल. बाजारातल्या गुळगुळीत, बेचव टोमॅटोला कंटाळलेली माणसं आपला चपटा, खाचांचा, आंबट गावरान टोमॅटो विचारत येतात आणि रोपं घेऊन जातात. तुमचा मुलगा आधी हसायचा. आता सकाळी झारीनं पाणी तोच घालतो.

मला मात्र सारखं ते स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही ताटलीत पिकलं फळ कुस्करताय, बी राखेत घोळवून जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर पसरताय. मी नवी सून, शेजारणीला द्यायला एक रोप उचलते आणि तुम्ही माझं मनगट धरता. "त्याचं पान बघ की. आजारी लेकरू दुसऱ्याच्या घरात न्हेऊन सोडतीस व्हय?" एका मुरडलेल्या पानासाठी एवढं बोलणं मला फार लागलं होतं. पुढं शेवटच्या दुखण्यात तुम्ही बियांची पुरचुंडी माझ्या हातात ठेवलीत.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला आजऱ्याकडचा एक शेतकरी दारात आला. महिन्याभरापूर्वी रोपं नेलेला. पिशवीतून त्यानं एक झाड काढून पायरीवर ठेवलं. शेंडा आखडलेला, पानं वाटीसारखी वळलेली. बोकड्या रोग. "समदी अशीच झाल्यात, वैनी. आता शेजारच्या मिरचीवरबी दिसाय लागलंय." मी विचारलं, "माझ्याकडनंच आलं असंल का हो?" तो पायरीकडं बघत म्हणाला, "तुमच्याकडनं आलं असं म्हणत न्हाय. न्हाय आलं असंबी म्हणत न्हाय."

तो गेल्यावर मी एकेक ट्रे उन्हात धरून पाहिला. कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये तसेच आखडलेले शेंडे होते आणि हात लावताच पानांखालून हा रोग पसरवणारी पांढरी माशी उडाली. गेल्या महिन्यात किती दारांत रोपं गेली असतील, कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या मळ्यात, हे मी मोबाईलमधल्या नावांवरून मोजत बसले. तुमचा मुलगा म्हणाला, "कुणाला काय सांगू नगंस. माशी कुठनंबी येतीया. एकदा नाव गेलं की संपलं." तो खोटं बोलत नव्हता. पण मला तुमची मनगटावरची पकड जाणवत होती. मी रोपं नेलेल्या सगळ्यांना मेसेज केला: माझ्या रोपांवर बोकड्या आहे, झाड मुरडलं असेल तर उपटून जाळा. मग सगळे ट्रे रिकामे केले. चांगली दिसणारी रोपंही ठेवली नाहीत. ती उपटताना तुमचा मुलगा जवळ आला नाही. पेटवायला मात्र काडेपेटी घेऊन आला.

कुणी "सांगितलंत ते बरं झालं" असं लिहिलं. कुणी नुसतं वाचून सोडलं. एक बाई फोनवर इतकं फाडून बोलली की मी भिंतीला टेकून ऐकत राहिले. पुढच्या रविवारी आम्ही गाडीवरून आजऱ्याला त्या शेतकऱ्याकडं गेलो. मळ्याच्या बांधावर पाय ठेवायची भीती वाटत होती. त्यांनी टोमॅटो सगळा काढला होता, मिरचीच्या कडेच्या सऱ्याही उपटल्या होत्या. त्याची बायको चहा देत म्हणाली, "बाकीची मिरची वाचंल असं वाटतंय." ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

तुमच्या पुरचुंडीतलं उरलेलं बी मी पुन्हा पेरलं, आता बारीक जाळीत. रोज पानं उलटी करून बघते. काल एक पांढरा ठिपका दिसला, तो नखानं खरवडून पाहिला. चुन्याचा शिंतोडा होता. रोपं हिरवीगार आहेत, शेंडे सरळ आहेत, तरी माझा त्यांच्यावर विश्वास बसत नाही. पुरचुंडीत आता काही शिल्लक नाही आणि तुम्हाला विचारायची सोय नाही. हे लिहून मी देवघराच्या खणात ठेवणार आहे, तुमच्या मुलालाही दाखवणार नाही.

आज सकाळी आजऱ्याहून त्याच शेतकऱ्याचा फोन आला होता. "वैनी, नवी रोपं झाली का? आमची मालकीण इचारतीया. परत लावू म्हणती." मी म्हणाले, अजून लहान हाईत, कळवते. आत्याबाई, रोपं वीतभर, लावणीजोगी झाली आहेत.