लष्करी सीताफळांची बुचं

नंदुरबार, ता. ३ जुलै १९४६

आज आणखी एक बूच बरणीत गेलं. पितळी आहे, म्हणजे पहिल्या लढाईतलं. या लढाईतली बुचं फिकट, जस्तासारखी, नखानंसुद्धा ओरखडा उठतो. यावर त्रिकोणात एक अक्षर आणि खाली कावळ्याच्या पावलासारखा सरकारी बाण. त्रिकोणवाला हा कारखाना पहिल्यांदाच भेटला. चिंचेनं घासलं, राखेनं घासलं, तेव्हा कुठे दिसला.

लष्कराच्या लिलावातून मोड, म्हणजे भंगार, म्हणून आलेले हे रिकामे हातबॉम्ब. आमच्या मोडीच्या दुकानातले हमाल त्यांना सीताफळंच म्हणतात. अंगावर तसेच डोळे. लोखंड भट्टीला जातं, बुडाचं बूच मी ठेवून घेते. आमचे हे आणून देतात, कुणाला न सांगता.

बाईजींनी, माझ्या सासूबाईंनी, बरणी पाहिली. "लोणचं का?" म्हणाल्या. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

ता. ९ जुलै

ह्यांनी विचारलं, "यात तुला काय एवढं गोड लागतं?" सांगता येईना. माहेरी, खापर गावी, वडिलांच्या दुकानात कापडाच्या गाठींवरचे गिरण्यांचे छाप वाचत मोठी झाले. हत्ती कोणाचा, चाक कोणाचं, वडील विचारायचे आणि मी सांगायची. इंग्रजी अक्षरं तिथेच शिकले. सासरी आले तेव्हापासून कोणी काही विचारलेलं नाही.

तरी म्हटलं, पुढच्या लिलावात असाच माल असेल तर घ्या. हसले. घेतील.

ता. २१ जुलै

चातुर्मास बसला. महासतीजी, आमच्या साध्वी, यंदा इथल्या जैन स्थानकात, धर्मस्थानात, उतरल्या आहेत. बापूजी, माझे सासरे, रोज व्याख्यानाला जातात.

आज बरणी त्यांच्यापर्यंत पोचली. मला कसं विचारणार? नऊ वर्षं झाली, त्यांच्यासमोर माझा घुंघट आणि तोंड दोन्ही बंद. त्यांचा निरोप बाईजींमार्फत येतो, माझा ह्यांच्यामार्फत जातो. सुनेला, म्हणजे मला, ते बींदणी म्हणतात. तर ह्यांना म्हणाले, "आपल्या घरात सूर्य मावळल्यावर पाणी पीत नाहीत, चुकून किडा मरू नये म्हणून. आणि बींदणी माणसं मारायची हत्यारं बरणीत भरते?"

मी ह्यांच्यामार्फत उत्तर धाडलं. जे फुटले त्यांनी माणसं मारली. माझ्याकडची बुचं अख्ख्या राहिलेल्यांची आहेत. त्यांनी कुणाला मारलेलं नाही.

उत्तर पोचलं का, माहीत नाही. हे म्हणतात, पोचवलं. चेहऱ्यावरून वाटत नाही.

ता. २ ऑगस्ट

दुसरी वॅगन आली. मी मागितलेली. बापूजींचा हुकूम: एकाही नगाला घरच्या बाईनं हात लावायचा नाही. उद्या सगळा माल सरळ ओतारांच्या भट्टीत.

बुचांसकट? बुचांसकट.

ता. ३ ऑगस्ट

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी बैलगाडी भरत होते. मी मधल्या दारात, जाळीआड. जगन हमाल पाट्या उचलून गाडीत ठेवत होता. एका पाटीत वरच एक नग दिसला, गळ्याभोवती लाल पट्टा. रिकाम्यावर तो पट्टा मी कधी पाहिलेला नाही. ह्यांना शोधलं, हे स्टेशनवर. बाईजी स्थानकात. बापूजी गाडीशी उभे. जगननं कासरा हातात घेतला.

मग मी बाहेर आले. रस्त्यावर. आणि बोलले.

"बापूजी, गाडी थांबवा."

त्यांनी माझा आवाज कधी ऐकला नव्हता. कोण बोललं म्हणून इकडेतिकडे पाहायला लागले. मी पुन्हा बोलले, मोठ्यानं. "एक भरलेला आहे. भट्टीत गेला तर ओतारांचं घर जाईल."

"आत जा." माझ्याकडे न पाहता. "जगन, हाक गाडी."

जगन हलेना. "शेठजी, भाभी सांगी ऱ्हायनी ते थांबा थोडं."

मी बैलांपुढे उभी राहिले. समोरच्या किराणा दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. पदर सावरू की हात वर करू, काही कळेना. जगननं ती पाटी अलगद खाली घेतली, तो नग हातात धरला, शेजारचा दुसऱ्या हातात धरला. तोंडाचा रंगच गेला. "हाई जड शे, शेठजी. लई जड."

मग सगळे मागे सरकले. मीसुद्धा. मला भीती वाटली नाही असं लिहिणार नाही.

ता. ५ ऑगस्ट

काल फौजदार आणि लष्कराची माणसं येऊन गेली. तो नग कोरीटच्या वाटेला, पडीत रानात नेऊन उडवला. आवाज घरापर्यंत आला. बाईजींच्या हातून वाटी पडली. तो भट्टीत फुटला असता तर... ओतारीण गरोदर आहे.

तो माल मीच मागवला होता, हे खरं आहे. मी मागितला नसता तर तो इथे आलाच नसता. ते विसरणार नाही. पण म्हणून मान खाली घालणारही नाही.

फौजदारानं ओसरीवर विचारलं, "हे ओळखलं कोणी?" मी दाराआड.

बापूजी म्हणाले, "आमच्या मुनीमजींनी."

मुनीमजी त्या दिवशी तळोद्याला होते. खाली मान घालून पानाला चुना लावत बसले.

ता. ६ ऑगस्ट

ह्यांना म्हटलं, तुम्ही काही का बोलला नाहीत? म्हणाले, "घराची अब्रू. सून रस्त्यावर ओरडली असं कागदावर कशाला?" अख्ख्या बाजारानं पाहिलंय. फक्त कागदावर नको.

दोघी शेजारणी येऊन गेल्या. बॉम्बबद्दल कोणी विचारलं नाही. "सासऱ्यांशी बोललीस म्हणे?" एवढंच.

ता. १९ ऑगस्ट

स्थानकात नेलं. बापूजींची इच्छा, मी महासतीजींसमोर पच्चक्खाण, त्यागाचं व्रत, घ्यावं: ही बुचं सोडली, पुन्हा जमवणार नाही. मी बरणी सोबत नेली, मुद्दाम.

महासतीजी म्हाताऱ्या आहेत, तोंडावरच्या मुहपत्तीमागून आवाज बारीक येतो. हिंसेचं काही बोलल्याच नाहीत. विचारलं, "मोह आहे?"

"आहे."

"किती?"

"भुकेसारखा."

बायकांत कुजबुज झाली. मी ते अख्ख्या बॉम्बांचंही सांगितलं, त्यांनी कुणाला मारलं नाही हे. महासतीजींचे डोळे हसले. "न फुटल्याचं पुण्य त्या लोखंडाचं. तुझं काय त्यात?"

मी बरणी मांडीवर ओढून घेतली.

"पच्चक्खाण घेतेस?" त्यांनी विचारलं.

"नाही. मनातून सुटलं नाही, तर तोंडानं सोडलं कसं म्हणू?"

"मग देणार नाही," म्हणाल्या. बापूजी पुरुषांच्या बाजूला बसले होते. उठून गेले.

येताना बाईजींनी बरणी माझ्या हातातून घेतली. वाटलं फोडतील. घरापर्यंत उचलून आणली, फळीवर ठेवली.

ता. ३१ ऑगस्ट, संवत्सरी

उपवास. प्रतिक्रमण, वर्षभराच्या दोषांची कबुली, झालं. मग घरात खमावणी, एकमेकांची क्षमा मागायची. दरवर्षी मी बापूजींसमोर लांबून मुकाट्यानं वाकते. बाईजींनी सकाळीच बजावलं, "यंदा तरी नीट माग."

नीटच मागितली. हात जोडले, ऐकू जाईल असं म्हटलं, "मिच्छामि दुक्कडं, बापूजी. तुम्हाला दुखावलं, त्याची क्षमा. बोलले, त्याची नाही."

ह्यांनी डोळे मिटून घेतले. बाईजींचा हात पदरातच राहिला. मला वाटलं, आता उठून जातील, स्थानकातून गेले तसे.

गेले नाहीत. हात जोडून बसून राहिले. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "बींदणीला सांग..." आणि थांबले. ह्यांच्यावरून नजर काढली. सरळ माझ्याकडे वळले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"बींदणी, फौजदाराला मी जे..."

तेवढ्यात ओसरीवर माणसं आली. गल्लीतली सगळी, मोठ्यानं खमत खामणा करत. बापूजी त्यांच्याकडे वळले, सगळ्यांपुढे हात जोडत राहिले. मुनीमजीही होते त्यांत.

अजून माणसं येताहेत. ते वाक्य अर्धंच आहे. मी आत गेलेले नाही. मधल्या दारातच बसून हे लिहितेय, घुंघट कपाळापर्यंत वर सारून.