हात नसलेल्या आज्या

मिनिआपोलिस,
३ मार्च

ती. व्हर्नामावशी हिच्या पायांना, आणि विशेषतः सुजलेल्या बोटांना, एल्डनचा नमस्कार.

डुलुथला अजून स्वतःच बर्फ उपसतेयस का? (उपसत असशील. शेजाऱ्याला सांगितलं तर नाक कापलं जातं ना!) तुझं बीटाचं लोणचं संपलं.

इकडे कचेरीत अकलेचा दुष्काळ आहे. आम्ही म्हाताऱ्या माणसांसाठी गोळ्यांचा डबा बनवतोय. आजवरची रीत अशी, की डबा दहाबारा म्हाताऱ्यांच्या हातात द्यायचा आणि त्यांच्या शिव्या निमूट लिहून घ्यायच्या. ते माझं काम. पण आमची साहेबीण ब्रेना हिला म्हातारी माणसं सोसत नाहीत. (ती उशिरा येतात, नातवंडांचे फोटो दाखवतात आणि खरं बोलतात.) म्हणून तिने एआयकडून बारा आज्या बनवून घेतल्या. नाव, गाव, संधिवात, सगळं होतं. हात तेवढे नव्हते. बाराही जणींनी झाकणाचे गोडवे गायले. मी म्हटलं, "ब्रेना, यांनी झाकणाला हात कधी लावला?" तर म्हणते, "एल्डन, तुझं आपलं कायम रडगाणं हं!"

मग खरेपणासाठी म्हणून तिला एक खडूस आजी हवी झाली. तेरावी आली, आणि पहिल्याच प्रश्नाला म्हणाली, "उघडत नाही मेलं! कुणी बनवलंय, त्याला उभा करा माझ्यासमोर." ब्रेनाने 'अपवाद' असा शेरा मारून तिला पुसून टाकलं. महिनाअखेरीस साचा कारखान्यात जाणार. रक्तदाबाच्या गोळ्या आत आणि माणूस बाहेर, असले डबे घरोघरी जातील. माणसांना न विचारता त्यांच्या नावाने उत्तरं छापणाऱ्या या निर्लज्ज लोकांची मला शिसारी आली आहे.

तब्येतीला जप.

तुझा सज्जन भाचा,
एल्डन

ता. क. तेरावी आजी तूच होतीस. तुझी गेल्या चौदा वर्षांतली पत्रं मीच यंत्राला वाचायला दिली, तुला न विचारता. आता कचेरी तुझं संमतीपत्र मागतेय. सही कर, आणि तारीख तेवढी जानेवारीची घाल.

आणखी एक. संमतीपत्र सोबतच्या नमुन्याच्या डब्यात आहे. काढता आलं नाही (येणार नाहीच), तर सही राहू दे. हातोडी घेऊ नकोस. झाकण उघडत नाही, एवढंच तुझ्या हाताने लिहून पाठव. साचा जायच्या आत मी ते सगळ्यांसमोर वाचेन, तुझं नाव घेऊन. चालेल ना? या वेळी आधी विचारतोय.